डांबर लागलं की आधी टू-एच

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर चढलात की पवनचक्क्या दिसू लागतात. तिथे देखभालीची माणसं आणि सामान पोचवणारी पिकअप माझ्या हातात आली ती ऐन जूनमध्ये. त्याआधी सहा वर्षं मी भाजीचा टेम्पो चालवला होता, त्यामुळे क्लच-गिअरची भीती नव्हती. नवीन होता तो शेजारचा दुसरा, छोटा लिव्हर. "चिखल आला की फोर-एच टाक," एवढंच मला सांगितलं गेलं. फोर-एच म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, टू-एच म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना. काढायचा कधी, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिसऱ्याच दिवशी टॉवरपासून लाल चिखलातून सुखरूप बाहेर आलो आणि तसाच घाट उतरू लागलो. पावसाने उघडीप दिली होती, डांबर सुकलं होतं. वळणावर स्टिअरिंग जड होऊ लागलं. मग गाडी आखडून धक्के देऊ लागली, जणू कुणी मागून धरून ठेवलीय. मला वाटलं ब्रेक चिकटले, म्हणून मी आणखी ॲक्सिलरेटर दिला. खाली आल्यावर लिव्हर निघेना. दोन्ही हातांनी ओढला, शेवटी पायाने हाणला. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, उघडावा लागला; आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकला होता. पैसे माझ्या पगारातून गेले. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा आणि पुढचा ॲक्सल सहा मीटर त्रिज्येने वळतोय असं समजा. मागचा मग साधारण ५.२ मीटरने वळतो. घाटातल्या एका पूर्ण उलट्या वळणात पुढच्या चाकांना सुमारे अडीच मीटर जास्त चालावं लागतं. पिकअपच्या चाकाचा एक फेरा असतो साधारण २.३ मीटरचा. म्हणजे एका वळणात अख्ख्या फेऱ्याचा फरक! टू-एचमध्ये पुढची चाकं मोकळी असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. फोर-एचमध्ये मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये तो फरक गिळणारा मधला डिफरन्शिअल नसतो. चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. सुक्या डांबरावर ते घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. लिव्हर अडकतो तो याच पिळामुळे. एक टायर नवा आणि बाकीचे झिजलेले असले, तरी सरळ रस्त्यावरसुद्धा हाच प्रकार होतो.

अडकलाच तर जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट सरळ मागे जा, पीळ सुटतो, मग क्लच दाबून लिव्हर काढा. हे मला गॅरेजमध्ये नाही, साइटवरच्या एका वयस्कर ट्रॅक्टरवाल्याने शिकवलं. माझं मत विचाराल तर उस्ताद असाच धरावा, रोज चिखलात उतरणारा. मोबाईलवर ओढ्यातून पाणी उडवत गाडी नेणाऱ्यांकडून काही शिकू नका.

फोर-एचसाठी रुतायची वाट पाहू नका. चिखल दिसला की आधीच टाका, तेही गाडी सरळ असताना. फोर-एल, म्हणजे चारही चाकांना जोर पण कमी वेगात, मात्र गाडी पूर्ण उभी करून, गिअर न्यूट्रलला आणून, क्लच पूर्ण दाबून. त्यात वेग घटतो आणि चाकाला जोर अडीच पटींच्या आसपास मिळतो. माल भरलेली गाडी चढावर फोर-एचमध्ये हाफ क्लचवर रेटली की प्लेट जळते. तो वास आला की थांबा. कमीपणा काही नाही, फोर-एल त्यासाठीच आहे. निसरड्या उतारालाही फोर-एल आणि पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. क्लच दाबलात की इंजिनाची पकड गेली, गाडी सुटली. आणि फोर व्हीलमुळे ब्रेक लवकर लागतात, हा भ्रम आजच काढून टाका.

एवढं करूनही गाडी रुतू शकते. पुढचं एक आणि तिरकं मागचं एक चाक अधांतरी झालं की ती दोनच चाकं फिरतात. तेव्हा घाबरू नका, दगड-फांद्या घाला, टायरची हवा थोडी कमी करा. वर्ष-दीड वर्षात हात बसतो, माझा बसला.

अजूनही डांबराला लागायच्या आधी मी गाडी थांबवतो, लिव्हर काढतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबतो. मागे बसलेले तंत्रज्ञ आता स्वतःहून विचारतात, "काढलं का?"