गच्च आवळलं म्हणजे पक्कं झालं? बाईकची देखभाल करताना आणि ट्रेलरवर नेताना या चुका टाळा

ट्रेलरवरून बाईक उतरवली की मी सगळ्यात आधी पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवतो. बोट कोरडं आलं तर ठीक. तेलाचं काळपट कडं दिसलं, त्यावर धूळ चिकटलेली असली, तर ऑइल सील, म्हणजे आतलं तेल अडवणारी रबरी रिंग, गळतोय. एकदा गाडी हलू नये म्हणून मी पट्टा आवळायचा रॅचेट ओढता येईल तेवढा ओढला, शॉकअप तळाला टेकवला आणि रात्रभर तसाच ठेवला. पुढच्या आठवड्यात दोन्ही सील बदलावे लागले. देखभालीतही माझ्या बऱ्याच चुका याच जातीच्या होत्या. ढिलं राहील या भीतीनं आपण गरजेपेक्षा जास्त आवळतो.

चेनचंच बघा. ती जरा लोंबताना दिसली की हात शिवशिवतात. पण ती ढील मुद्दाम ठेवलेली असते. आपण बसलो किंवा चाक खड्ड्यात आपटलं की मागचं चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, वर सरकतो आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असेल तर सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत ही ढील 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, तोच धरा. मोजताना चाक हळूहळू फिरवा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वांत ताठ लागेल तिथेच मोजा. अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं.

आणि कळकळीनं सांगतो, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं जातं आणि पाठोपाठ बोटं जातात. चाक हातानं फिरवा.

इंजिन ऑइल खाली काढायच्या ड्रेन बोल्टचीही तीच गत. बोल्ट लोखंडी, खालचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं. लांब पान्यानं जोर लावला की आटे जातात ते आवरणाचे. बोल्टखालून ऑइल ठिबकत असेल तर आणखी पिळू नका. वॉशर जुना झालेला असतो, नवीन घाला आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना, वापरा. ऑइल बदलल्यावर एक्सलेटर दिला की इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय, असं झालं तर कारचं ऑइल तर पडलं नाही ना, ते तपासा. ज्या बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलंच ऑइल लागतं.

टायरची हवा थंड असताना मोजा. चेनचा स्प्रे मारताना ब्रेकची डिस्क झाका.

आता ट्रेलर. इथे सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे गाडी साइड स्टँडवर उभी करून पट्टे बांधणं. धक्क्यांनी गाडी स्टँडवर दबते, एका बाजूचे पट्टे सैल पडतात आणि स्टँड वाकू शकतो. गाडी सरळ उभी हवी, पुढचं चाक ट्रेलरच्या खोबणीत टेकलेलं, पहिला गिअर टाकलेला. चार पट्टे लावा. पुढचे दोन खाली आणि पुढे ओढणारे, मागचे दोन खाली आणि मागे. पुढचा शॉकअप साधारण निम्मा दबला की थांबा, त्याला हलायला जागा उरली पाहिजे. हुक थेट हँडलला न अडकवता कापडी लूप घाला आणि ब्रेकची नळी कुठे चेपत नाही ना, ते बोटांनी चाचपून बघा. पट्ट्याची लोंबती टोकं बांधून टाका, नाहीतर ती वाऱ्यानं फडफडून टाकीचा रंग घासतात.

निघाल्यावर 15-20 किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा बघा. पट्टे थोडे ताणले जातातच.

वेग वाढला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो? मग बाईक बहुधा फार मागे बांधली आहे. ट्रेलर आणि बाईक मिळून जेवढं वजन, त्याचा साधारण 10 ते 15 टक्के भार ट्रेलर ओढणाऱ्या कारच्या हुकवर पडायला हवा. वाटेत असं झालं तर करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, एक्सलेटरवरून पाय उचला आणि वेग आपोआप उतरू द्या.

रॅम्प ट्रेलरला पट्ट्यानं बांधल्याशिवाय त्यावर चाक ठेवू नका. गाडीचं वजन आलं की तो मागे सटकतो.

उतरवताना घाईत समोर दिसेल तो पट्टा सोडला जातो. एका बाजूचा पट्टा सुटला की दुसऱ्या बाजूच्या पट्ट्याचा ताण गाडी त्याच्या बाजूला खेचतो. म्हणून दोघं असा, एकानं हँडल घट्ट धरावं. मागचे पट्टे आधी सोडा. मग साइड स्टँड लावा आणि पुढचा उजवा पट्टा हळूहळू ढिला करा, म्हणजे गाडी डावीकडे, स्टँडवर झुकेल. डावा पट्टा सगळ्यात शेवटी.