ऑस्टिनच्या पुलाखालच्या पाकोळ्या बघायला जाताना

आमच्याकडे, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिनला, येणारे पाहुणे तिकीट काढायच्या आधी विचारतात, "वटवाघळं कधी दिसतील?" माझं उत्तर ठरलेलं आहे: ऑगस्टमध्ये या.

डोळ्यांपुढे वडाला लटकलेली आपली फळं खाणारी मोठी वाघळं आणू नका. ही किडे खाणारी, जेमतेम बारा ग्रॅमची. आईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "अगं, या तर पाकोळ्या!" चिपळूणच्या घरी माळ्यावर असायच्या, तशाच.

मार्चमध्ये त्या मेक्सिकोहून येतात, बहुतेक गाभण माद्या. जूनमध्ये प्रत्येकीला एकच पिल्लू होतं. जुलैच्या अखेरीपासून पिल्लंही उडू लागतात आणि साडेसात लाखांची वस्ती पंधरा लाखांच्या घरात जाते, म्हणून ऑगस्ट. नोव्हेंबरपर्यंत बहुतेक परततात. सासूबाईंना मी हौसेने जानेवारीत नेलं होतं. तासभर थंडीत उभ्या राहिलो, एकही दिसली नाही. फेब्रुवारीत त्या परत गेल्या. ती चुटपुट अजून आहे, म्हणून महिन्याबद्दल इतकं सांगते.

जागा म्हणजे काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूवरचा अ‍ॅन रिचर्ड्स पूल, खाली लेडी बर्ड लेक. 1980 मध्ये पुलाचं काम झालं तेव्हा काँक्रीटच्या सांध्यांमध्ये इंचभर रुंद, हातभर खोल फटी राहिल्या. पाकोळ्यांना अशीच अरुंद, उबदार जागा हवी असते. लोक आधी घाबरले, त्यांना हाकलायची भाषा सुरू झाली. 1986 मध्ये मर्लिन टटल हे वटवाघळांचे अभ्यासक इथे राहायला आले आणि पाकोळ्या रोज रात्री किती किडे फस्त करतात, हे त्यांनी गावाला पटवून दिलं. त्या किड्यांत मक्या-कापसावरच्या अळ्यांचे पतंगही असतात. विदर्भात कापूस पिकवणाऱ्या माझ्या मामाला हे सांगितलं, तर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आमच्याकडे पाठव."

उभं कुठे राहायचं? पुलाच्या पूर्वेकडच्या फुटपाथवरून त्या पायाखालून निघून तळ्यावर पसरताना दिसतात. लहान मुलं बरोबर असतील, तर मी आग्नेय काठावरच्या उतारावर सतरंजी टाकते. तिथून वर आभाळाच्या उजेडावर काळी रेघ स्पष्ट उमटते. पश्चिमेकडे उभं राहू नका, त्या बहुतेक पूर्वेला जातात. थेट पुलाखालीही थांबू नका, वरून थेंब पडतात. टोपी घालाच.

ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यान मावळतो. तासभर आधी पोचा. शनिवार टाळा, आणि गाडी लांब लावून चालत या. पाणी भरपूर घ्या, संध्याकाळीही अंग भाजतं. पाऊस झालेला नसेल तर भुकेल्या पाकोळ्या उजेडातच निघतात. चांगला पाऊस झाला असेल तर अंधार पडेपर्यंत थांबायला लावतात. त्यामुळे पंधरा मिनिटांत उठू नका.

आधी वास येतो, ओल्या धान्याच्या कोठारासारखा. मग पुलाखालची किचकिच वाढते. दोन-चार सुटतात, परत आत शिरतात. इथे गर्दी "आल्या, आल्या" म्हणून हलते, तुम्ही हलू नका. मग अचानक धार सुटते, मळणीच्या यंत्रातून भुसा उडावा तशी, आणि तुटतच नाही. काठावरच्या झाडांच्या शेंड्यांवरून ती वळते, लांब धुराचा पट्टा होते. फ्लॅश मारू नका, बॅटरीचा झोत पुलाच्या फटींकडे धरू नका. खाली पडलेली पाकोळी दिसली तर हात लावू नका, रेबीजची शक्यता असते. मुलांना हे घरूनच सांगून न्या.

आणि ऑगस्ट जमलाच नाही, जूनमध्येच येणं झालं, तर गर्दी पांगल्यावर पुलाच्या बाजूला थोडं थांबा. आया शिकारीला गेलेल्या असतात, उडता न येणारी पिल्लं फटींमध्येच असतात. कान दिलात तर त्यांची बारीक किचकिच ऐकू येते. परतलेली आई त्या लाखोंच्या गलक्यातून आवाजावरून आणि वासावरून नेमकं आपलंच पिल्लू शोधते.