थकीत ई-चलान चालकाकडून कसे भरून घ्यावे

वाशी, तुर्भे किंवा कळंबोलीत दोन-चार टेम्पो चालवणाऱ्या मालकाची अडचण ठरलेली असते: सिग्नल तोडतो चालक, पण ई-चलान पडते गाडीच्या नंबरवर आणि मेसेज येतो मालकाच्या मोबाइलवर. गाडी जुनी घेतलेली असेल आणि नोंदणीतला मोबाइल क्रमांक बदलायचा राहिला असेल, तर तो मेसेजही आधीच्या मालकाकडेच जातो. तो क्रमांक आधी बदलून घ्यावा.

त्यानंतर राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून पूर्ण यादी काढावी. ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालये वेगळी असली, तरी घोडबंदर रोडवरचे आणि द्रुतगती मार्गावरचे चलान त्याच यादीत दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने आलेली एपीके फाइल मात्र कोणीही उघडू नये.

आता प्रत्येक चलानाची तारीख, वेळ आणि ठिकाण ट्रिप शीटशी, म्हणजे कोणत्या फेरीला कोण चालक होता त्या नोंदीशी, ताडून पाहावे. ट्रिप शीट ठेवत नसाल, तर आजपासून ठेवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 133 नुसार पोलिसांनी विचारल्यास गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे. चालकाला नुसती रक्कम ऐकवू नये, फोटो दाखवावा. दुसऱ्याच एखाद्या एमएच 43 गाडीच्या चिखलाने माखलेल्या पाटीवरचा 3 कॅमेऱ्याने 8 वाचलेला असतो, किंवा फोटोत आपल्या टेम्पोऐवजी भलतीच रिक्षा असते. असे चलान भरण्याआधी संकेतस्थळावरच तक्रार नोंदवावी.

दंड कोणाचा, हा वादाचा खरा मुद्दा. वेग, सिग्नल, सीटबेल्ट आणि चालवताना मोबाइल ही चालकाची जबाबदारी. पीयूसी, विमा, फिटनेस आणि मालकाच्या सांगण्यावरून भरलेला जादा माल यांचा दंड मालकानेच भरावा. तो चालकाच्या माथी मारणारा मालक पुढची वसुलीही गमावतो. नो पार्किंगचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे असते, कारण एपीएमसीत (वाशीच्या घाऊक बाजारात) माल उतरवायला जागाच मिळाली नाही आणि व्यापाऱ्याने गाडी रस्त्यावरच ताटकळत ठेवली, तर एकट्या चालकाला धरणे न्याय्य नाही. अशा वेळी निम्मे-निम्मे करावे, किंवा ती रक्कम भाड्याच्या बिलात दाखवून व्यापाऱ्याशी बोलावे.

कलम 183 नुसार अवजड वाहनाच्या अतिवेगाचा दंड 2000 ते 4000 रुपये आहे, आणि द्रुतगती मार्गावर एकाच फेरीत अशी दोन चलाने पडू शकतात. एवढी रक्कम पगारातून परस्पर कापली, तर चालक महिनाअखेरीस गाडीची चावी टेबलावर ठेवून निघून जातो. त्यापेक्षा चलान क्रमांक, रक्कम आणि हप्ते कागदावर लिहून त्याची सही घ्यावी, दंड मालकाने लगेच ऑनलाइन भरावा आणि पावतीची प्रत चालकाला द्यावी. लोकअदालतीत सूट मिळेल या आशेवर चलान साठवू नये. तिची नोटीस आलीच, तर ठाणे किंवा बेलापूर, ज्या न्यायालयाचे नाव नोटिशीत असेल तिथे तारखेला हजर राहावे.

यापुढे नवी उचल देण्याआधी त्या गाडीची यादी चालकासमोरच उघडावी. चालक काम सोडत असेल, तर हिशेब चुकता करण्याआधी ती पाहावीच. कॅमेऱ्याचे चलान काही दिवस उशिराने दिसू शकते, म्हणून शेवटच्या फेऱ्यांबद्दलची बोली त्याच कागदावर लिहून घ्यावी.