ऑर्लँडोला जायची तयारी: आधी तिकडचं कॅलेंडर, मग बाकी सगळं

बडोद्यात दिवाळी वेकेशन जवळ आली की ज्यांची नणंद किंवा भाऊ न्यू जर्सीला आहे त्यांचा बेत ठरलेला असतो, आधी एडिसनला आठ दिवस आणि मग मुलांना घेऊन ऑर्लँडो, डिस्ने. आम्ही २०२४ च्या दिवाळीत हेच केलं, सगळी तयारी केली आणि एकच गोष्ट बघायची राहिली, तिनेच सगळं बिघडवलं, म्हणून ही यादी लिहितेय. पासपोर्ट, इन्शुरन्स, डॉलर, फॉरेक्स कार्ड हे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख मिळेल तेव्हा मिळते, तेव्हा ते सगळ्यात लवकर हातात घ्या एवढंच.

आता मुख्य गोष्ट. तिकडचं कॅलेंडर उघडा. विमानाचं तिकीट काढायच्या आधी, हॉटेल बघायच्या आधी, मुलांना सांगायच्याही आधी. आपण काय करतो, आपल्या शाळेची तीन आठवड्यांची वेकेशन कधी ते बघतो आणि धरून चालतो की तिकडे कुठे दिवाळी असते, तिकडच्या शाळा चालू, म्हणजे पार्क मोकळं. मोकळं नसतं हो. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन असतं अटलांटिक सिटीला, गुरुवार-शुक्रवार, त्यासाठी राज्यातल्या सरकारी शाळा बंद राहतात आणि बऱ्याच शाळा तर पुढचेमागचे दिवस जोडून अख्खा आठवडा सुट्टी देतात. मग ती कुटुंबं थंडीतून उठून जातात कुठे, तर ऑर्लँडोला. तिथे या आठवड्याला नावच पडलंय, जर्सी वीक. २०२४ ला अधिवेशन ७ आणि ८ नोव्हेंबरला होतं, त्याच आठवड्यात ५ तारखेला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, त्या दिवशीही खूप शाळा बंद, आणि लगेच सोमवारी ११ तारखेला व्हेटरन्स डेची सुट्टी. नणंदबाई म्हणाल्या आमच्या मुलांना सुट्टी आहे, आम्हीपण येतो, आणि आम्ही खूश. त्यांच्या मुलांना सुट्टी म्हणजे सगळ्या जर्सीच्या मुलांना सुट्टी, हा विचार तेव्हा करायला हवा होता. तुम्ही तरी करा. नातेवाईक "याच आठवड्यात जमतंय" म्हणाले की पहिला प्रश्न हा विचारा की का जमतंय.

आणि हे काही एका आठवड्यापुरतं नाही. नेटवर "डिस्नेचा ऑफ सीझन कधी" शोधत बसू नका, पूर्वी तसा काळ होता, आता जवळजवळ उरलेला नाही. वर्ष कसं भरतं बघा. जानेवारीच्या सुरुवातीला डिस्नेची मॅरेथॉन, १९९४ पासून चालू आहे, हजारो धावणारे आणि प्रत्येकाचं कुटुंब सोबत. मग जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारची सुट्टी, फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारची प्रेसिडेंट्स डेची, तिला जोडून कित्येक राज्यांत आठवडाभर शाळा बंद. मार्च-एप्रिलमध्ये स्प्रिंग ब्रेक, तो प्रत्येक जिल्ह्याचा वेगवेगळ्या आठवड्यात, त्यामुळे दीड महिना ओघ थांबतच नाही, त्यात ईस्टर. जून ते मध्य ऑगस्ट उन्हाळ्याची सुट्टी, जुलैमध्ये ब्राझीलमधून मुलांचे मोठमोठे ग्रुप येतात कारण तेव्हा त्यांच्याकडे हिवाळ्याची सुट्टी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी, त्याच दिवशी कॅनडाचं थँक्सगिव्हिंग, महिनाअखेरीला ब्रिटनच्या शाळांची हाफ टर्म म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, नोव्हेंबरात ते जर्सीचं, मग चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, आणि ख्रिसमस ते न्यू इयर तर विचारूच नका. एकाच देशाच्या सुट्ट्या बघून चालत नाही, तिथे अर्धं जग येतं.

मधल्या ज्या फटी उरतात त्या पार्क स्वतः भरतं, आणि हे मला तिकडे जाऊन कळलं. एपकॉट या डिस्नेच्याच एका पार्कमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत आर्ट्सचा फेस्टिव्हल, वसंतात फुलांचा, ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत खाण्यापिण्याचा. हे उगाच नाहीत, जेव्हा मुलांच्या शाळा असतात तेव्हा मुलं नसलेली माणसं यावीत म्हणून आहेत. तिकिटांचं तसंच. २०१८ च्या ऑक्टोबरपासून ऑर्लँडोच्या डिस्नेत तारखेप्रमाणे दर, गर्दीच्या दिवशी महाग आणि कमी गर्दीच्या दिवशी स्वस्त, मग पैसे वाचवणारे सगळे त्या स्वस्त दिवसांकडेच जातात आणि ते दिवसही भरतात. फ्लोरिडातल्या लोकांकडे वर्षाचे पास असतात, त्यातल्या स्वस्त पासांवर ख्रिसमस-ईस्टरच्या तारखा बंद, म्हणजे ते लोक येणार कधी, तर आपण ज्याला मोकळा दिवस समजतो त्याच दिवशी. शिवाय शहरात मोठी कन्व्हेन्शन्स, डिस्नेच्याच मैदानांवर शाळकरी मुलामुलींच्या स्पर्धा, त्यांचे आईबाप. २०२३ मध्ये डिस्नेच्या पार्कांपैकी एकट्या मॅजिक किंगडममध्ये १ कोटी ७७ लाखांच्या आसपास माणसं आली असा अंदाज छापून आला होता, वर्षाच्या ३६५ दिवसांत ती वाटून बघा, म्हणजे रिकामा दिवस कुठून येणार ते कळेल.

अजून एक, हे फार कमी लोक सांगतात. खरंच कमी माणसं आली तरी रांग तेवढी कमी होत नाही. कमी गर्दीच्या दिवशी बँकेत एकच खिडकी उघडी असते ना, तसंच, राइडच्या गाड्या कमी चालवतात, माणसं कमी लावतात, पार्क लवकर बंद, आणि दुरुस्तीला राइड बंद ठेवायची तीही याच काळात. तेव्हा दुरुस्तीची यादीपण बघा. तीही कॅलेंडरवरच असते. आणि राइडचा आकार लक्षात ठेवा, पायरेट्सच्या एका होडीत वीसेक माणसं बसतात म्हणून ती रांग सरकते, पीटर पॅनच्या होडीत दोन मोठे आणि मांडीला मांडी लावून एक मूल, झालं, त्यामुळे पन्नास वर्षांहून जुनी साधीशी राइड असूनही तिची रांग कधी आटत नाही. लहान मुलं असतील तर ती सकाळी दार उघडल्याबरोबर उरका, दुपारी तिच्या बाहेरचा मिनिटांचा आकडा बघून पोरं रडायला येतात.

कॅलेंडर म्हटलं की फक्त सुट्ट्या नाही हं. पार्ट्यांच्या तारखाही त्यातच आल्या. मॅजिक किंगडममध्ये ऑगस्टपासून ऑक्टोबर संपेपर्यंत ठराविक रात्री हॅलोविनची पार्टी आणि नोव्हेंबरपासून ख्रिसमसची, तिचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी साध्या तिकिटावर संध्याकाळी सहानंतर राहता येत नाही. २०२४ ची पहिली ख्रिसमस पार्टी ८ नोव्हेंबरला होती आणि आम्ही नेमके त्याच दिवशी आत. सहा वाजले, ज्यांच्या मनगटाला पार्टीचा पट्टा ते आत राहिले, आम्ही मुलाला खांद्यावर घेऊन बाहेरच्या गर्दीत, आणि तो विचारतोय फटाके कधी. पार्कचं यात काही चुकलं नाही, तारखा कितीतरी महिने आधी जाहीर असतात, बघायला हव्या होत्या. बघा म्हणून हात जोडून सांगते. याची दुसरी बाजूही आहे, पार्टीच्या दिवशी फटाके नाहीत म्हणून माहीतगार लोक येत नाहीत, तेव्हा दिवसा रांगा जरा कमी असतात, आणि पार्टी नसलेल्या दिवशी सगळे तुटून पडतात. फटाके नको असतील तर पार्टीचा दिवस मुद्दाम घ्या, हवे असतील तर चुकूनही घेऊ नका. पण हे ठरवायला तारीख माहीत पाहिजे, आणि तारीख कुठे असते ते आता सांगायला नको.

मग जायचं कधी? माझं मत, जमलं तर उन्हाळी वेकेशनमध्ये मे महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे. गुजरातच्या शाळा मे च्या सुरुवातीला सुटतात, अमेरिकेत मे च्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी, त्याआधी तिकडच्या बहुतेक शाळा चालूच असतात. आपल्याला सुट्टी आणि त्यांना नाही अशी ही वर्षातली एकच बरी जागा. ऊन असतं पण बडोद्यातल्या मे पुढे ते सोसतं, दमट मात्र जास्त. अडचण एवढीच की जर्सीच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत किंवा पुढेही चालतात, त्यामुळे नणंदबाई सोबत येणार नाहीत, त्यांच्याकडे जाऊन या आणि ऑर्लँडोला तुम्ही तुमचे जा, वाईट वाटलं तरी चालेल. दिवाळीतच जायचं असेल तर जर्सी वीक संपल्यावर आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याआधी जी मधली जागा असते ती पकडा. २०२६ ला दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे आणि थँक्सगिव्हिंग २६ ला, आता तुम्हीच कॅलेंडर समोर घेऊन बसा. सप्टेंबर सगळ्यात मोकळा, पण तो वादळांचा जोराचा काळ आणि आपल्या शाळा चालू, सोडून द्या. शनिवार-रविवारी पहाटे धावण्याची शर्यत आहे का तेही बघा, रस्ते बंद असतात.

तारीख पक्की झाली की तिकीट. तीन वर्षांखाली फुकट, तीन ते नऊ मुलांचं, दहा पूर्ण झाले की मोठ्यांच्या दराने, पार्कमध्ये जायच्या दिवशीचं वय धरतात. २०२४ च्या जानेवारीपासून तारखेच्या तिकिटाला वेगळं रिझर्व्हेशन लागत नाही, जुने लेख वाचून घाबरू नका. डिस्नेच्या ॲपमध्ये सगळ्यांची तिकिटं एका खात्याला जोडा, घरीच, वायफायवर, गेटवर उभं राहून नाही.

लायटनिंग लेन, म्हणजे राइडची वेगळी, लवकर सरकणारी रांग. पूर्वी फास्टपास होता, १९९९ मध्ये आला, फुकट होता, तो गेला, आता पैसे. आणि पैसेवाली रांग आधी सोडतात म्हणून साधी रांग हळू सरकते, त्यामुळे गर्दीच्या आठवड्यात घ्यावीच लागते, मला ते पटत नाही पण मुलं सोबत असताना तत्त्व घेऊन उभं राहता येत नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी निवडता येतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी, तिकडच्या सकाळी सातला. म्हणजे तुम्ही अजून बडोद्यात असाल तर संध्याकाळी साडेचार, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाच. गजर लावा. दर रोज वेगळा असतो, कशावरून ठरतो, तर पुन्हा गर्दीवरून. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सकाळी अर्धा तास आधी आत सोडतात, तो अर्धा तास दुपारच्या दोन तासांना भारी पडतो, झोप सोडा.

मुलांची उंची घरीच मोजून घ्या, इंचात, बूट घालून. ट्रॉन या राइडला ४८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४, सेव्हन ड्वार्फ्सला ३८. बसता येणार नाही हे रांगेच्या शेवटी कळलं तर फार वाईट. लहान मूल असेल तर रायडर स्विच मागा, फुकट असतं, एकाने मूल सांभाळायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं, मग बदली, रांग परत नाही.

खाणं. बाहेरचं नेऊ देतात, काचेचं भांडं आणि दारू नको. थेपले, खाकरे, दशम्या, सुका चिवडा, बस. कस्टम्सच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाणं आहे म्हणून सांगा, ताजी फळं आणि कढीपत्ता नेऊ नका. पाणी विकत घेऊ नका, काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट देतात. शाकाहारी ऑर्डर ॲपवर आधीच टाका.

बूट जुने, वापरलेले, दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणं होतं. रेनकोट इथूनच, पातळ. पॉवर बँक, दोन. प्लग तिकडचा वेगळा. सेल्फी स्टिक नको, आत नेऊ देत नाहीत. स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांबपर्यंतच.

दुपारी वीज-पाऊस आला की उघड्यावरच्या राइड बंद होतात, तेव्हा आतल्या धरा. सलग तीन दिवस पार्क नको, मध्ये एक दिवस पोहायला. परतीच्या विमानाच्या दिवशी पार्क ठेवू नका, बॅगा हॉटेल सांभाळतं पण रांग तुमच्या विमानासाठी थांबत नाही, आणि नेवार्कला उतरून लगेच अहमदाबादचं विमान असेल तर मध्ये एक रात्र नणंदबाईंकडे काढा.