खिडकीतलं एक झाड, रोज दहा मिनिटं

‘आता जरा शांत बसू’ असं ठरवून बसलं की मन हटकून गॅसचं बिल, साहेबांचा मेसेज आणि कालचं भांडण यांच्यामागे पळतं. त्याला नुसतं ‘थांब’ म्हणून ते थांबत नाही. एखादं हलकं काम हातात दिलं, तर मात्र ते बऱ्यापैकी बसतं. घरातून दिसणारं एकच झाड रोज त्याच जागेवरून बघणं हे असं काम आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

खिडकीतून बघितलेल्या झाडाने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. १९८४ साली अमेरिकी संशोधक रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी मांडल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान होता, ४६ रुग्णांचा. त्यामुळे झाडाला औषध समजायचं कारण नाही, पण खिडकीजवळ खुर्ची ओढायला तेवढा आधार पुरे.

झाड कोणतं निवडायचं

पंधरा ते चाळीस फुटांवरचं घ्या. त्याहून लांब असलं तर पानं वेगळी दिसत नाहीत, नुसता हिरवा ढीग दिसतो आणि दोन मिनिटांत कंटाळा येतो. वाऱ्याने हलणारं आणि पाखरं येणारं झाड उत्तम. सोसायट्यांच्या कंपाउंडला लावलेला तो उंच, सरळसोट अशोक या कामाला फारसा उपयोगी नाही; त्याच्या फांद्या पानांच्या झालरीत दडलेल्या असतात. शेवगा चांगला, फुलं असली की त्यावर शिंजीर, म्हणजे मध पिणारे इवले पक्षी, येतात. उंबर पिकला की तांबट, बुलबुल, कोकिळ सगळे हजेरी लावतात.

सकाळची वेळ जमत असेल तर पिंपळासारखं दुसरं झाड नाही. वारा पडलेला असतानाही त्याचं एखादं पान एकटंच थरथरत असतं आणि शेजारची पानं ढिम्म. देठ लांब आणि बारीक असल्याने इतरांना न जाणवणारी झुळूकही त्याला पुरते. वसंतात नवी पालवी येते तेव्हा पानं तांबूस-गुलाबी, ओल्या कापडासारखी लुळी लोंबत असतात. तांबूस पान हिरवं होताना रोज थोडं थोडं दिसतं. संध्याकाळीच घरी पोचणाऱ्यांनी चिंच किंवा वर्षावृक्ष निवडावा. दिवेलागणीला त्यांच्या पानांची दलं जोडीजोडीने मिटायला लागतात. कोणती फांदी आधी मिटते, एवढं बघण्यात दहा मिनिटं जातात.

दहा मिनिटांचं काय करायचं

खुर्ची खिडकीपासून हातभर मागे ठेवा. ग्रिलला नाक लावून बसलं की नजर गजांवरच अडते. फोन दुसऱ्या खोलीत. गजर लावायचा असेल तर स्वयंपाकघरातलं टायमर वापरा. चहाचा कप चालेल, पेपर चालणार नाही.

पहिली दोन मिनिटं श्वासाची. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे दहा-बारा श्वास. मोजणं सेकंदाच्या काट्यावर नको. दम कोंडल्यासारखं वाटलं तर तीन-चार करा. बाहेरचा श्वास लांब असला म्हणजे झालं.

मग पाच-सहा मिनिटं एक फांदी. बुंध्यापासून निघा आणि नजर शेंड्यापर्यंत न्या: पहिला फाटा कुठे, तो डावीकडे जातो की उजवीकडे, साल कुठे सुटली आहे, मुंग्यांची रांग कुठून वळते. इथे घाई झाली की सगळं फसतं, कारण अख्खं झाड एकदम बघितलं की मनाला धरायला काही उरत नाही. मध्येच आवाज आला तर तोही घ्या. उन्हाळ्यात ‘टुक्, टुक्, टुक्’ असा ठोके दिल्यासारखा आवाज आला तर तो तांबट. चोच मिटलेलीच असते, गळा तेवढा फुगतो. ओरडताना तो मान इकडेतिकडे वळवतो, म्हणून आवाज कधी इथून, कधी तिथून आल्यासारखा वाटतो. शोधत बसा, सापडला नाही तरी बिघडत नाही.

शेवटची दोन मिनिटं डोळे मिटून तीच फांदी मनात काढायची, मग डोळे उघडून ताडून बघायची. दुसरा फाटा आठवलाच नाही? उद्या तिथूनच सुरुवात. या सगळ्यातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात.

झाड समोर नसताना

दोन-तीन आठवड्यांत ती फांदी पाठ होते. मग लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, रात्री दोनला झोप उडाल्यावर डोळे मिटून बुंध्यापासून निघायचं. विचार घुसला की ज्या फाट्यावर सुटलात तिथे परत यायचं, सुरुवातीपासून नाही. गाडी चालवताना अर्थातच हे करू नये.

यासाठी धबधबा, बर्फाचे डोंगर असं ‘सुंदर’ चित्र घेण्याचा मोह होतो. ते टिकत नाही. कॅलेंडरवर पाहिलेल्या धबधब्याचे तपशील तुमच्याकडे नसतात, त्यामुळे चार सेकंदांत चित्र संपतं आणि ईएमआय परत येतो. मालवणच्या किनाऱ्यावर लहानपण गेलं असेल तर समुद्र खुशाल घ्या, पण होडी कोणत्या बाजूला ओढून ठेवलेली असायची इथपर्यंत आठवलं पाहिजे.

अडचणी

झाडच दिसत नसेल तर दहा-बारा इंची कुंडीत तुळस लावा आणि काही मंजिऱ्या न खुडता ठेवा, त्यांवर मधमाश्या येतात. पाखरांसाठी पाणी ठेवायचं तर मातीचं पसरट भांडं, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला आणि भांड्याच्या कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटलेली असतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

पाचव्या-सहाव्या दिवशी ‘काहीच होत नाही’ असं वाटतं. शांतता आली का, हे सारखं तपासत बसल्यामुळे बहुतेकदा असं होतं. त्याऐवजी वहीत एकच ओळ लिहा: आज काय नवं दिसलं. फोटो काढू नका, फोटो काढला की बघणं संपतं.

डोळे मिटल्यावर जीव घाबरा होत असेल तर उघड्या डोळ्यांनीच करा. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर झाडावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.

आणि पावसाळ्याआधीची छाटणी. पाठ केलेली फांदीच एका सकाळी नसते. मनातलं जुनं चित्र वापरत राहायला हरकत नाही, पण खिडकीशी बसताना नवी फांदी घ्या. झाड पानझडी असेल तर पुढच्या पानगळीपर्यंत थांबलात तरी चालेल, तेव्हा सगळे फाटे उघडे पडलेले असतात.