पीडीएफ मॉड्यूल बदललं, कोर तसंच राहिलं

खानापूरहून रोज बसने बेळगावात येऊन मी पहिली नोकरी सुरू केली. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांची कोटेशनं, ड्रॉइंगं, तपासणीचे दाखले शोधता येतील असं सॉफ्टवेअर आमची छोटी कंपनी करते. पीडीएफमधून मजकूर काढायचं काम अपाची टिका या मुक्तस्रोत लायब्ररीकडे. फाइल आत जाते, मजकूर बाहेर येतो, एवढंच मला माहीत होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये टिकातल्या त्रुटीची सूचना आली. ती समजून घ्यायला मला दोन दिवस लागले, आणि नव्या मुलांनीही तेवढे द्यावेत. पीडीएफच्या पोटात एक्सएफए प्रकारचा फॉर्म असू शकतो आणि तो एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेला असतो. एक्सएमएलमध्ये एक जुनी सोय आहे: एखादं नाव ठरवायचं आणि त्या जागी बाहेरच्या फाइलीतला मजकूर आणून बसव, असं सांगायचं. वाचणाऱ्या प्रोग्रामने ते मानलं, तर पीडीएफ पाठवणाऱ्याला आपल्या सर्व्हरवरची फाइल वाचता येते, किंवा सर्व्हरकरवी आतल्या नेटवर्कमधल्या दुसऱ्या मशीनला विनंती धाडता येते. यालाच एक्सएक्सई म्हणतात.

सूचनेत टिकाच्या पीडीएफ मॉड्यूलचं, म्हणजे पीडीएफ वाचणाऱ्या तुकड्याचं, नाव होतं. मी तेवढंच ३.२.२ या दुरुस्त आवृत्तीवर नेलं. चाचण्या पास झाल्या, काम झालं म्हणून कळवलं.

डिसेंबरात त्याच त्रुटीला सीव्हीई या त्रुटींच्या जाहीर यादीत नवा क्रमांक मिळाला, सीव्हीई-२०२५-६६५१६. शिरायची वाट पीडीएफ मॉड्यूलमधून असली तरी दोष आणि दुरुस्ती दोन्ही टिका-कोरमध्ये, म्हणजे टिकाच्या मूळ गाभ्यात, होते. फक्त मॉड्यूल बदलणारे उघडेच राहिले होते. आमच्याकडच्या चिकोडीच्या ताईंनी विचारलं, "कोरची जार कुठली चढल्या, ते बघितलास काय?" जार म्हणजे जावा लायब्ररीची तयार फाइल. मेव्हन या बांधणीच्या साधनातून डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीत येते याची यादी, काढली. पोम फाइलीत, म्हणजे मेव्हनला आवृत्त्या सांगणाऱ्या फाइलीत, कुणीतरी कोर जुन्या आवृत्तीला बांधून ठेवलं होतं. पोटात गोळा आला.

तेव्हापासून आवृत्ती बदलली की मी पोम फाइलीवर भरवसा ठेवत नाही. सर्व्हरवर प्रत्यक्ष चढलेल्या जारच्या आवृत्त्या बघतो. स्वतःच्या मशीनवर, स्वतः बनवलेल्या पीडीएफने त्रुटी घडवून बघतो आणि दुरुस्तीनंतर ती थांबली का, तेही बघतो. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर हे कधीही करू नका. टिका आता वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सर्व्हरपासून तोडलेल्या कप्प्यात, चालते, तिला बाहेरचं नेटवर्क नाही.

फाउंड्रीच्या मालकांना हे सगळं कन्नडमध्ये सांगावं लागलं. मी मराठी माध्यमातला; आदल्या रात्री ताईंकडून वाक्यं लिहून घेतली. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं: मधल्या काळात आमच्या फाइली कुणी वाचल्या का? सर्व्हरवर काय घडलं याच्या नोंदी, म्हणजे लॉग, आम्ही ३० दिवसांचेच ठेवत होतो. त्याआधीच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि तसंच मी त्यांना सांगितलं.