कॉमन लिस्पमधील डबल-फ्लोटची आकडेमोड वेगवान कशी करावी

कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतली आकडेमोड रेंगाळू लागली की दोष बहुधा बेरीज-गुणाकाराच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात आजचा प्रोसेसर दोन डबल-फ्लोटची (६४ बिटी दशांश संख्यांची) बेरीज मोजक्या सायकलींत उरकतो आणि वेळ जातो तो संख्येच्या बांधाबांधीत. एसबीसीएल हा कॉमन लिस्पचा कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) ६४ बिटी यंत्रावर प्रत्येक मूल्य एका ६४ बिटी शब्दात ठेवतो आणि त्यातले शेवटचे काही बिट मूल्याचा प्रकार ओळखण्यासाठी राखतो. लहान पूर्णांक त्यात मावतो, ३२ बिटांचा सिंगल-फ्लोटही मावतो. डबल-फ्लोटला मात्र सगळेच्या सगळे ६४ बिट लागत असल्याने तो हीपमध्ये, म्हणजे मेमरीच्या सामाईक साठ्यात, १६ बाइटांच्या खोक्यात ठेवून हाती फक्त त्याचा पत्ता दिला जातो. लूपच्या दर फेरीला असे एक खोके तयार झाले, तर १ कोटी फेऱ्यांत १६ कोटी बाइटांचा कचरा साचतो.

म्हणून आधी टाइम या मॅक्रोने फंक्शन चालवून किती बाइट खर्ची पडले ते पाहावे. आकडा फेऱ्यांच्या संख्येबरोबर वाढत असेल, तर खोकी बनत आहेत असे बहुधा खुशाल धरून चालावे. मग त्याच फंक्शनमध्ये स्पीड ३ आणि सेफ्टी १ असे डिक्लरेशन (वेग आणि सुरक्षितता यांना किती महत्त्व द्यायचे ते कंपायलरला सांगणारी घोषणा) द्यावे. सेफ्टी ० करण्याचा मोह टाळावा, कारण एरवी एसबीसीएल तुमची प्रकार-घोषणा तपासून पाहतो, तर ० वर ती डोळे मिटून खरी मानतो आणि चुकीची घोषणा थेट मेमरी बिघडवू शकते. स्पीड वाढवताच कंपायलर टिपा देऊ लागतो. त्यांपैकी फ्लोटचे पॉइंटरमध्ये (खोक्याच्या पत्त्यात) रूपांतर होत असल्याची टीप आपल्या कामाची. ते रूपांतर कुठल्या जागी होते तेही ती सांगते.

दोन ॲरेंचा (संख्यांच्या रांगांचा) डॉट प्रॉडक्ट, म्हणजे जोडीजोडीने केलेल्या गुणाकारांची बेरीज, काढणारे साधे फंक्शन घ्या. दोन्ही ॲरेंचा प्रकार डबल-फ्लोट घटकांचा सिंपल-ॲरे असा जाहीर केला, तरी बेरजेचे चल नुसत्या ० पासून सुरू केले असेल तर सगळे मुसळ केरात: कंपायलरच्या लेखी ते चल पूर्णांक किंवा डबल असे दुहेरी राहते आणि प्रत्येक बेरीज सर्वसाधारण, संथ वाटेने जाते. तिथे ०.०डी० लिहावे, यातला डी म्हणजे डबल. नुसते ०.१ लिहिल्यास ते मुळात सिंगल-फ्लोट मानले जाते, आणि डबलशी गुणताना त्याचे ०.१०००००००१४९०११६१२ होते, ही चूक वेगाची नसून उत्तराची आहे, म्हणून अधिक घातक. वर्गमुळाचीही अशीच खोड आहे. ऋण संख्येचे वर्गमूळ कॉम्प्लेक्स येत असल्यामुळे आर्ग्युमेंट शून्य किंवा त्याहून मोठे डबल-फ्लोट आहे असे जाहीर केल्याशिवाय उत्तराचा प्रकार पक्का होत नाही.

ॲरे तयार करतानाच घटकांचा प्रकार द्यावा, म्हणजे संख्या सलग ८-८ बाइटांत बसतात. स्ट्रक्चरच्या स्लॉटलाही हेच लागू.

इतके करूनही एक टीप उरते, ती परताव्याच्या मूल्याची. सामान्य फंक्शन डबल परत करते तेव्हा ते खोक्यात घालूनच देते. लूपबाहेर एकदाच होत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करावे. आतल्या लूपमधून बोलावले जाणारे छोटे फंक्शन असेल तर त्याच्या व्याख्येआधी ते इनलाइन (बोलावण्याच्या जागीच त्याचा कोड उतरेल असे) जाहीर करावे, किंवा लेबल्स वापरून मोठ्या फंक्शनच्या आतच स्थानिक करावे. शेवटी डिसअसेंबल करून, म्हणजे तयार झालेला यंत्रकोड उघडून पाहावे: लूपमध्ये एमयूएलएसडी (गुणाकार) आणि एडीडीएसडी (बेरीज) या प्रोसेसरच्या सूचना दिसल्या पाहिजेत, जेनेरिक नावाने सुरू होणारा कॉल दिसता कामा नये.

यापुढचा वेग हवा असेल तर बेरजेसाठी एकाऐवजी चार चले घेऊन शेवटी ती मिळवावीत, म्हणजे प्रत्येक बेरजेला आधीच्या बेरजेची वाट पाहावी लागत नाही. कंपायलर हे आपणहून करत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण बेरजेचा क्रम बदलला की उत्तरही किंचित बदलू शकते: ०.१ व ०.२ आधी मिळवून त्यांत ०.३ घातले तर डबलमध्ये ०.६००००००००००००००१ येते, ०.२ व ०.३ आधी मिळवले तर ०.६.